सोलर पॅनल 'परवा' येणार म्हणतात आणि महिना जातो: माल नेमका कुठे अडलाय ते कसं शोधायचं

मागच्या चैत्रात परभणीतल्या एका निवृत्त गुरुजींच्या छतावर आम्ही तीन किलोवॅटचं स्ट्रक्चर उभं केलं. पॅनल दोन दिवसांत येणार होते. आले सात आठवड्यांनी. तोवर काकूंनी त्या जीआयच्या चॅनलवर जुनं धोतर ताणून आधी कुरडया वाळवल्या, मग साबुदाण्याच्या चकल्या, शेवटी सांडगे. गल्लीतलं कुणी विचारलं, "गुरुजी, सोलर सुरू झालं का?" की गुरुजी शांतपणे म्हणायचे, "झालं की. सध्या थेट उन्हावरच चालतंय."

मला हसू येत नव्हतं. गुरुजींचा ॲडव्हान्स माझ्याकडे, माझा ॲडव्हान्स डीलरकडे, आणि डीलरचा फोन रोज तोच: "गाडी निघायलीच बघा भाऊ, परवा पोचती." मी काय केलं, तर दुसऱ्या डीलरकडे टोकन टाकलं. त्याच्याकडेही तोच माल, त्याच कारणाने अडलेला. पैसे दोन ठिकाणी गुंतले, पॅनल एकही नाही.

दरवर्षी एकदा तरी हे होतं. आपल्यासारख्या चार-पाच पोरांच्या टीमवर काम करणाऱ्याला सरकारी निर्बंध कधी सरळ 'बंदी' म्हणून भेटत नाहीत, ते डीलरच्या 'परवा'च्या रूपात भेटतात. म्हणून त्या 'परवा'च्या आत काय दडलंय ते आधी ओळखायचं. कारण वेगळं असेल तर इलाजही वेगळा असतो.

आधी हे ठरवा: हवं कोणतं पॅनल?

ग्राहकाला सगळी पॅनल म्हणजे काळी काच. कागदावर मात्र तीन जाती आहेत. एक, तयार होऊन परदेशातून आलेलं. दोन, सेल, म्हणजे पॅनलमधली वीज बनवणारी चकती, बाहेरचा पण जुळणी भारतातली. याला आपण बाजारात नॉन-डीसीआर म्हणतो. तीन, सेलही भारतातच बनलेला, तो डीसीआर.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतलं घरगुती काम असेल, ज्यात तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, तिथे तिसरी जात सक्तीची. कुसुम योजनेच्या सोलर पंपालाही तीच. अनुदान नाही पण नेट मीटर (उरलेली वीज लाइनला देऊन बिलातून वजा करणारं) आहे, म्हणजे दवाखाना, मंगल कार्यालय, जिनिंग, तिथे पॅनल केंद्राच्या मंजूर यादीतलं, आपण ज्याला एएलएमएम म्हणतो त्यातलं, लागतं. सेल कुठला हे त्या यादीत बघितलं जात नव्हतं. मग सेलची वेगळी दुसरी यादी आली आणि ती लागू होण्याची तारीख ठरली १ जून २०२६. त्या तारखेनंतर सुरू होणाऱ्या नेट मीटरच्या कामाला सेलही यादीतलाच हवा. म्हणजे डीसीआरच्या रांगेत दवाखाने आणि जिनिंगवालेही येऊन उभे राहणार. शेतातल्या आखाड्यावर बॅटरीवर चालणारं, लाइनला न जोडलेलं, अनुदान नसलेलं खासगी काम तेवढं या कटकटीतून सुटतं.

आता गंमत बघा. पेपरात बातमी येते की देशात पॅनलची क्षमता उदंड झाली. ती खोटी नाही. ऑगस्ट २०२५मध्ये यादीतली मॉड्यूलची, म्हणजे तयार पॅनलची, क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. पण मार्च २०२५ला मॉड्यूलची क्षमता ७४ गिगावॅट होती तेव्हा सेलची होती २५. त्याच्या वर्षभर आधी ३८ आणि ९. पोळ्या लाटायला पाऊणशे बायका आणि पीठ मळायला पंचवीस, असं ते स्वयंपाकघर. शिवाय ज्यापासून सेल बनतो तो वेफर अजून बहुतांशी चीनमधूनच येतो, म्हणजे गहूही बाहेरचाच. म्हणून बातमीत पूर आणि आपल्या गोदामात दुष्काळ, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. मराठवाड्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, जायकवाडी भरल्याची बातमी ऐकत आपण टँकरची वाट बघितलेली आहे.

तेव्हा पहिली तपासणी ही: तुमचं काम कोणत्या जातीचं आहे आणि डीलर कोणत्या जातीच्या मालाचं 'परवा' सांगतोय? अर्ध्या वेळा इथेच घोळ सापडतो. गुरुजींच्या कामात मी नुसतं "५४० वॅटचे सहा पॅनल" असं सांगितलं होतं. डीसीआर हा शब्द मी धरून चालत होतो, डीलर धरत नव्हता. तीन आठवडे तो माझ्यासाठी जो माल मागवत होता, तो आला असता तरी मला चालला नसता.

आता अडलंय कुठे?

डीलरला "कधी येणार" विचारून काही उपयोग नाही, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. असं विचारा: "कारखान्याने तुमच्या नावावर माल काढलाय का? इनव्हॉइस झालंय का? ई-वे बिल दाखवा." ई-वे बिल असेल तर माल खरंच रस्त्यावर आहे, सुरतेकडून किंवा भिवंडीकडून संभाजीनगर, तिथून परभणी-हिंगोली. चार दिवस थांबा. ई-वे बिल नाही, नुसतंच "निघायलीय" असेल, तर गाडी निघालेली नाही.

"अलॉटमेंट मिळेना" असं उत्तर आलं तर सेलचा तुटवडा समजा. कारखाना आहे तो माल आधी मोठ्या ऑर्डरला देतो. सोलर पंपाची कामं जोरात निघाली की डीसीआर पॅनलच्या गाड्याच्या गाड्या तिकडे वळतात, आणि ज्याला सहा पॅनल हवेत तो शेवटी. हे बरोबर की चूक यावर वाद घालून माल मिळत नाही. अशा वेळी दुसऱ्या गावचा डीलर शोधणं म्हणजे त्याच विहिरीत दुसरी बादली टाकणं. मी ते करून बसलोय. मेक बदला. एकाच कंपनीच्या नावावर अडून बसू नका, ग्राहकालाही आधीपासून अडू देऊ नका.

"तो मॉडेल आता चालेना" असं म्हणाला तर यादी उघडा. कंपनीचं नाव यादीत असणं पुरत नाही, मॉडेल क्रमांक आणि वॅट दोन्ही बघा. नोंदणीला मुदत असते, तीही बघा. यादी फुकट आहे, मोबाइलवर उघडते, आणि तरी आपल्यातले कित्येक जण ती डीलरच्या तोंडून ऐकतात.

बाहेरून येणारा इन्व्हर्टर किंवा त्याचा सुटा भाग अडला असेल तर विचारा की न्हावा शेवा बंदरात बिल ऑफ एंट्री (कस्टमकडे भरायचा आयातीचा कागद) झालंय का. झालं असेल तर माल बंदरात आलाय किंवा यायच्या बेतात आहे, आज ना उद्या सुटेल. नसेल तर कंटेनर बहुधा अजून पाण्यावर आहे किंवा तिकडेच आहे, आणि तुम्ही बीआयएस नोंदणी असलेला दुसरा मेक बघितलेला बरा.

आणि "आज पैसे टाकले तर आजच देतो, पण वॅटमागे दीड रुपया वर" असं ऐकू आलं तर काहीच अडलेलं नाही. माल गोदामात आहे, भाव अडलाय. याला मी फार रागावत नाही. मोंढ्यातला व्यापारीही हेच करतो. फक्त ते ओळखता आलं पाहिजे, म्हणजे आपण सरकारला, चीनला आणि सेलला उगाच शिव्या देत बसत नाही.

तारखा भिंतीवर लिहून ठेवा

हा त्रास कधीही येतो असं वाटतं, पण तो तारखेला धरून येतो. ३० जुलै २०१८ला चीन-मलेशियाच्या मालावर २५ टक्के सेफगार्ड ड्युटी (देशी कारखाने वाचवायला लावलेलं जादा आयात शुल्क) बसली. १ एप्रिल २०२२ला मॉड्यूलवर ४० आणि सेलवर २५ टक्के कस्टम ड्युटी. एएलएमएम यादी २०२३-२४ हे वर्षभर स्थगित ठेवली आणि १ एप्रिल २०२४पासून पुन्हा लागू केली. चीनने १ डिसेंबर २०२४पासून निर्यातीवरचा कर परतावा १३ वरून ९ टक्क्यांवर आणला, त्याचाही धक्का इकडे पोचला. मग सेलच्या यादीची १ जून २०२६. प्रत्येक तारखेआधी दोन-अडीच महिने मोठे लोक माल भरून ठेवतात, गोदामं रिकामी होतात. तारीख उलटली की भाव नव्या जागी जाऊन बसतो. यात मार्चअखेरची घाई मिळवा. म्हणून मी आता फेब्रुवारी ते मे या काळात 'आठ दिवसांत बसवून देतो' हे वाक्य तोंडातून काढत नाही.

बजेटच्या दुसऱ्या दिवशीचे फोन हा वेगळाच विषय. १ फेब्रुवारी २०२५ला टीव्हीवर सांगितलं की मॉड्यूलवरची ड्युटी ४० वरून २० झाली. सकाळी सातला पहिला फोन: "बापू, ड्युटी अर्धी झाली म्हणं, आपलं कितीनं उतरलं?" उतरलं काही नव्हतं, कारण त्याच कागदात २० टक्के कृषी उपकर लावलेला होता. बेरीज पुन्हा ४०. आणि डीसीआर पॅनलवर तर या ड्युटीचा थेट संबंधच नाही, ते आलंय कुठून बाहेरून?

मात्र २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी खरंच उतरला, १२ वरून ५. आपलं काम ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा असं धरलं जातं, म्हणून एकूण बोजा १३.८ वरून ८.९ टक्के झाला. त्या आठवड्यात ज्यांची कोटेशनं माझ्याकडे उघडी होती, त्या सगळ्यांना मी स्वतःहून फोन करून फरक सांगितला. पुढच्या वेळी भाव चढला तेव्हा त्यातल्या एकानेही हुज्जत घातली नाही.

कोटेशनमधली दुरुस्ती

माझी जुनी कोटेशनं 'दर एक महिना लागू' अशी असायची, कारण ज्याच्याकडे शिकलो तो तसंच लिहायचा. त्यावर मी दोन कामं घरातून पैसे घालून केली. आता असं लिहितो: "दर सात दिवस लागू. पॅनल डीसीआर, ५४० ते ५९० वॅट, मंजूर यादीतील उपलब्ध मेक. पॅनलची रक्कम वेगळी दाखवली आहे. ती मिळाल्याच्या दिवशी पॅनलचा दर पक्का होईल. सरकारी कर-शुल्क बदलल्यास वाढ किंवा घट ग्राहकाची." शेवटच्या ओळीतला 'घट' हा शब्द विसरू नका, तो असला की 'वाढ' पचते.

ग्राहकाला हे समजेल का, अशी शंका मला होती. आपला माणूस सोयाबीन विकतो, त्याला काय शिकवायचं? मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची मूळ ड्युटी २० वरून १० केली तेव्हा मोंढ्यात काय बोलणं चाललं होतं ते त्याने ऐकलेलं असतं. बाहेरच्या मालावर ड्युटी लागली की इथला माल चढतो, उठवली की पडतो, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. तेलाला ड्युटी हवी आणि पॅनलला नको, असं तो म्हणतो, आणि मीही म्हणतो. आम्ही दोघंही आपापल्या खिशातून बोलतो.

क्रमही उलटा केला. आधी स्ट्रक्चर उभं करून काम सुरू झाल्याचं दाखवायचो. आता पॅनल माझ्या शेडमध्ये उतरेपर्यंत छताला ड्रिल लागत नाही. कुरडयांची सोय ज्याची त्याने करावी.

३१ भागिले ६

छोट्या माणसाला माल शेवटी मिळतो याचं एक साधं कारण पॅलेट आहे. एका पॅलेटवर मेकप्रमाणे ३१ किंवा ३६ पॅनल येतात. तीन किलोवॅटला ५४०चे सहा लागतात. फुटकळ सहा पॅनल द्यायचे म्हणजे डीलरला पॅलेट फोडायचं, उरलेले भिंतीला टेकवून ठेवायचे, आणि एक काच तडकली की नुकसान त्याचं. मग तो तुमची ऑर्डर दुसऱ्या कुणाच्या ऑर्डरला जोडायची वाट बघतो. 'परवा'मधले निम्मे दिवस हे असतात.

आम्ही परभणी, सेलू आणि जिंतूरच्या बाजूचे चौघे आता मिळून पॅलेट उचलतो. पैसे गाडी भरायच्या आधी जमा, वाटणी उतरवताना, भाडं पॅनलच्या संख्येवर. ३१चं पॅलेट असेल तर पाच घरं होऊन एक पॅनल उरतं, आणि ते कुणाचं यावरून पहिल्या वेळी आमची थोडी वाजली. आता ते पाळीपाळीने एकेकाकडे राहतं. त्या एका पॅनलचा उपयोग कळायला वर्ष गेलं. बसवताना एक काच फुटली तेव्हा काम त्याच दिवशी पूर्ण झालं.

भरपूर साठा करून ठेवावा का? माझं मत नाही. २०२३ साली जगभर पॅनलचे भाव वर्षभरात जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा ज्यांनी 'ड्युटीमुळे चढणारच' म्हणून कर्ज काढून माल भरला होता, ते त्या मालावर व्याज भरत बसले. दोन-तीन कामांपुरता माल, त्यापुढे नाही.

गाडी रिकामी करण्याआधी

टंचाईत डीसीआरच्या नावाखाली दुसराच माल खपवला जातो. नुसतं प्रमाणपत्राचं पान बघून समाधान मानू नका, ते कुणीही छापतो. पॅलेटची पट्टी कापा, दोन-तीन पॅनल बाजूला सरकवून मागच्या स्टिकरवर मोबाइलची बॅटरी मारा, सीरियल नंबरचा फोटो घ्या आणि तो नंबर डीसीआर पडताळणीच्या पोर्टलवर टाकून बघा. हमाल कुरकुरतील, ड्रायव्हर "पुढं नांदेडला जायचंय" म्हणेल. त्याला चहा पाजा. नंबर निघत नसेल तर माल उतरवायचाच नाही, कारण एकदा शेडमध्ये गेला की तो तुमचा. पुढे अनुदान अडकलं तर ग्राहक डीलरच्या दारात जाणार नाही, तुमच्याच दारात बसेल.

बदली पॅनल आलं तर स्ट्रिंग परत मोजा

ही चूक टंचाईतच होते, कारण मिळालं तेच नशीब म्हणून आपण घाईत जोडून टाकतो. ५४०चा जुना मोनो आणि ५८०चा नवा टॉपकॉन मापाला सारखेच असतात, त्याच क्लॅम्पमध्ये बसतात. पण व्होल्टेज वेगळं, आणि स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलच्या माळेत, त्याची बेरीज होते.

पाच किलोवॅटचं काम घ्या. ५४०चे दहा, ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनलला काही न जोडता मोजलेलं) साधारण ४९.५, म्हणजे ४९५ व्होल्ट. हे २५ अंशांना. परभणीत थंडीच्या लाटेत पारा पाचच्या खालीही जातो, आणि सकाळी ऊन पडतं त्या क्षणी पॅनल गारच असतं. पाच अंश धरले तरी सुमारे पाच टक्के वाढ, म्हणजे ५२० च्या आसपास. इन्व्हर्टरची मर्यादा ५५० असेल तर चालून जातं. आता तेच दहा ५८०चे लावा: ५१.७ गुणिले दहा म्हणजे ५१७, थंडीत ५४३. मर्यादेच्या अगदी काठावर. मेमध्ये बसवलेलं काम डिसेंबरच्या एका सकाळी एरर देतं आणि आपण वायरिंग शोधत बसतो. मी अशा वेळी नऊच लावतो, ५.२२ किलोवॅट होतात, पुरतात. तीन किलोवॅटला मात्र सहाचे पाच करू नका, २.९ होतात, तीनच्या खाली गेलं की अनुदानाचा हिशोब परत बघावा लागतो. आणि अर्जात पॅनलची संख्या, वॅट आधी भरलं असेल तर ते बदलून घ्या, नाहीतर तपासणीला छत आणि कागद जुळत नाहीत.

६०० च्या वरची काही पॅनल १६ अँपिअरच्या घरात जातात. जुन्या छोट्या इन्व्हर्टरची इनपुट मर्यादा त्याहून कमी असू शकते. इन्व्हर्टरच्या बाजूचा स्टिकर वाचा. कनेक्टरही वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत ठोकू नका. बसतात, पण दोन उन्हाळ्यांत वितळलेले सापडतात.

फुटलेलं जुनं पॅनल

यावर मला पूर्ण इलाज सापडलेला नाही. सात-आठ वर्षांपूर्वीची ३३५ वॅटची पॉली पॅनल गावोगाव आहेत. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत किंवा माकडांच्या उड्यांत त्यातलं एखादं फुटतं. बाजारात आता तो माल नाही. कारखाने मोठ्या मोनोकडे गेले. नवं ५४०चं त्याच स्ट्रिंगमध्ये घातलं तर चालतं, पण बाकीच्यांचा प्रवाह नऊ अँपिअरच्या आत, म्हणून तेरा अँपिअरचं नवं पॅनलही नवावरच चालतं. पैसे ५४०चे, काम साडेतीनशे-पावणेचारशेचं. शिवाय माप वेगळं, चॅनलची भोकं वेगळी.

मी आधी हे बघतो की फुटलेलं काढून उरलेल्या पॅनलवर इन्व्हर्टरचं किमान व्होल्टेज भरतंय का. भरत असेल तर तसंच चालू द्यायचं, ग्राहकाचे पैसे वाचतात. नाही भरलं तर जुनं छत बदलून घेणाऱ्या कुणाकडून तसंच पॅनल मिळवायचं, व्होल्टेज आणि अँपिअर उन्हात मोजूनच. सध्या मला ३३५ पॉलीचे चार हवेत, दोन जिंतूर रोडच्या एका शाळेसाठी आणि दोन पूर्णेच्या एका पिठाच्या गिरणीसाठी. काच अखंड असली आणि जंक्शन बॉक्स जळलेला नसला की पुरे, फ्रेम वाकलेली असली तरी मी सरळ करून घेईन.